दवाखान्यावरील हल्ल्यांची पूर्वपीठिका

दवाखान्यात शिरून डॉक्टरला मारहाण झाली, केसपेपरच्या खिडकीची काच फुटली, परिचारिकेला शिवीगाळ झाली, अशी बातमी आली की ‘पूर्वी लोक वैद्याला देव मानीत, आता काळच पालटला’ असा उसासा आपल्याकडे हमखास टाकला जातो. परंतु मुंबई इलाख्याचे प्लेगच्या वर्षांतील दप्तर ज्याने ओझरते जरी चाळले असेल, त्याला त्या सुवर्णयुगावर विश्वास ठेवणे कठीण जाईल.

1896 सालच्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांना तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल आयुक्त स्नो यांनी जाहीरनामा काढून, रोगी असल्याचा नुसता संशय आला तरी त्यास घरातून सक्तीने हलविण्याची मुखत्यारी आपल्या अंमलदारांना दिली. हलविलेल्या रोग्यांसाठी ठरले ते आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांचे इस्पितळ, म्हणजेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. ते गिरण्यांच्या वस्तीला लागून होते, आणि ही गोष्ट पुढील प्रकारात महत्त्वाची ठरली. कारण सकाळी सोबत साच्यावर उभा असलेला माणूस संध्याकाळी त्या फाटकाआड जातो व पुन्हा दिसतो तो बहुधा प्रेत होऊनच, हे गिरणी कामगारांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते. वस्तुतः लोक रोगी लपवून ठेवीत, म्हणून तो इस्पितळात पोहोचे तोच अखेरच्या अवस्थेत, आणि म्हणून तेथील मृत्यूंचे प्रमाण भयंकर असे. परंतु बाहेर उभ्या असलेल्या भावाने वा बायकोने कार्यकारणाची ही साखळी उलटी वाचली, तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार, आत काय चालले आहे ते सांगण्याची तसदी न घेणाऱ्यांना नव्हता.

या मौनाची जागा अफवांनी घेतली. इस्पितळात माणसे उलटी टांगून त्यांची मोमियाई, म्हणजे औषधी अर्क, काढतात, ही एक अफवा. दुसरी त्याहून चमत्कारिक होती. त्याच ऑक्टोबरात मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते (ते कृत्य पुण्याच्या चाफेकर बंधूंचे, हे मागाहून उघड झाले), आणि त्या अपमानाच्या परिमार्जनार्थ राणीने मुंबईकरांची काळजे मागविली आहेत, असे लोक एकमेकांस सांगू लागले. महिना संपण्यापूर्वीच गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. दगड खाण्याची वेळ आली ती वॉर्डबॉय, कंपाउंडर, परिचारिका अशा लहान पगाराच्या मंडळींवर. जाहीरनाम्यावर सही करणारे साहेब त्या फाटकापासून पुष्कळ दूर होते.

स्नो साहेबांनी यानंतर नियम सैल केले व घरीच वेगळे ठेवण्याची नीट सोय असेल तर रोग्यास हलवू नये, अशी तजवीज केली. ही माघार निव्वळ दयाबुद्धीची नव्हती. शहरातील सफाई करणारे हलालखोर भयाने मुंबई सोडून गेले तर सारेच थांबेल, हा हिशेब तिच्यामागे होता. तो हिशेब बरोबरही होता.

तथापि 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला आणि सक्ती पुन्हा नव्या जोमाने सुरू झाली. पुण्यात ती राबविण्यासाठी नेमलेल्या रँडची हकीकत सर्वांना ठाऊक आहे; तो मुलकी अंमलदार होता, वैद्य नव्हे, सबब ती येथे विस्ताराने सांगत नाही. त्याच शहराच्या वेशीवर, हडपसरकडे, डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंना प्लेगने गाठले व 10 मार्च 1897 रोजी त्या निवर्तल्या. एकाच साथीत, एकाच पुण्यात, रोग्याशी वागण्याचे हे दोन मार्ग होते, एक सक्तीचा व दुसरा शुश्रूषेचा.

मुंबईत स्फोट झाला तो 9 मार्च 1898 रोजी. मदनपुऱ्याकडील जुलाह्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, वस्तीत तपासणी पथक एका घरी गेले. घरात मुलगी आजारी होती, आणि परपुरुषाने तिला तपासण्यास घरच्यांनी हरकत घेतली. बोलाचाली वाढली, जमाव गोळा झाला, मॅजिस्ट्रेट आले, दगड पडले, गोळीबार झाला; दिवस मावळण्यापूर्वी दोन गोरे सोजीर जिवानिशी गेले होते आणि प्लेगच्या इस्पितळांना आगी लावण्याचे प्रयत्न झाले होते. उंबरठ्यावर आधी एखादी स्त्री-डॉक्टर उभी असती तर यांतले बरेचसे टळते, असे मला वाटते. पुढे सरकारने धोरण मवाळ केले. जातवार इस्पितळांना उत्तेजन मिळाले, नातलगांना आत वावर मिळाला, आणि हाफकिनची प्लेगवरील लस टोचून घेणे ऐच्छिक राहिले.

1897 च्या कायद्यात एक विलक्षण गोष्ट होती. सद्भावाने केलेल्या कृत्याबद्दल अंमलदारावर फिर्याद चालणार नाही, असे अभय त्याच्या चौथ्या कलमाने दिले होते. परंतु त्याच्या हाताखालच्या कंपाउंडरला मारणाऱ्याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. सरकारी चाकराला भारतीय दंडसंहितेतील खास कलमांचा आधार होता, खासगी दवाखान्यातील नोकराला तोही नव्हता. महाराष्ट्राने 2010 साली वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा करून तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड व मोडतोडीची दुप्पट भरपाई ठरविली. आणि जुन्या साथ-कायद्यात कर्मचाऱ्यांचे संरक्षण शिरले ते एप्रिल 2020 च्या अध्यादेशाने, म्हणजे 123 वर्षांनी.

दरम्यान मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण होऊन राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले, तेव्हा सुरक्षारक्षक नेमण्याचा व दर रोग्यामागे दोनच नातेवाइकांना पास देण्याचा बंदोबस्त झाला. तो आवश्यक होता, यात वाद नाही. अपघात विभागात पंधरा माणसे रोग्याच्या खाटेभोवती उभी असताना कोणालाही नाडी पाहता येत नाही. मात्र फाटक जितके घट्ट लागते तितके बाहेरच्यांना आतली वार्ता पोहोचविण्याचे दायित्व वाढते, ही गोष्ट पासांच्या हिशेबात बसविली गेली नाही, आणि ती बातमी सांगण्याचे काम आजही रात्रपाळीच्या, चोवीस तास न झोपलेल्या निवासी डॉक्टरवर किंवा केसपेपर फाडणाऱ्या कारकुनावर आपसूक येऊन पडते. रक्षकाच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडून, आतल्या रोग्याची हकीकत नातलगांना त्यांच्या भाषेत वेळोवेळी सांगणारा एक पगारी माणूस प्रत्येक शासकीय रुग्णालयाने तीनही पाळ्यांत नेमावा, एवढी मागणी आरोग्य खात्याच्या पुढच्या अंदाजपत्रकात तरी मान्य व्हावी.