घरचा कुत्रा आणि मोकळ्या कोंबड्या : ही सोयरीक कशी जमली?

कोंबड्या परड्यात मोकळ्या सोडल्या की घार, मुंगूस, रानमांजर यांचा बंदोबस्त आपण करतो. घरच्या कुत्र्याचा विचार मात्र पाच-सात कोंबड्या मेल्यावरच होतो. मग कुत्र्याला काठी बसते, नाहीतर पोत्यात घालून लांब नेऊन सोडतात. अंड्यांचे पैसे बहुतेक घरात बाईमाणसाच्या हातातले, ते जातात. राखणही जाते. ‘जातच तसली’ म्हणून विषय संपतो. पण इतिहास बघितला तर गोष्ट जातीएवढीच संगोपनाचीही आहे.

कुत्रा माणसाकडं फार आधी आला. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याची हाडं सापडली, ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. कोंबडी त्यामानानं कालची. पाळीव कोंबडीची आतापर्यंतची सर्वात जुनी खात्रीलायक हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इ.स.पूर्व १६५० ते १२५० या काळातली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलंय की, भात आणि भरडधान्याच्या शेतीमुळं रानकोंबड्या वस्तीजवळ आल्या. म्हणजे कोंबडी दारात येईपर्यंत कुत्रा हजारो वर्षं माणसाबरोबर शिकारीला जात होता. रानातला पक्षी त्याच्या लेखी शिकारच होता.

मग हे दोघं एका अंगणात नांदायला कसे लागले? चार्ल्स डार्विननं १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात याच गोष्टीवर लिहिलंय. त्याचं म्हणणं असं, की शेतीवाडीतल्या कुत्र्यांना कोंबड्या-मेंढ्यांवर जाऊ नको हे फारसं शिकवावं लागत नाही. जो जातो तो मार खातो, आणि तरी सुधारला नाही तर मारला जातो. त्यामुळं पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली. उलट, जिथले लोक ही जनावरं पाळत नव्हते अशा मुलखातून पिलू असताना आणलेली कुत्रीही सुधारली नाहीत, असं तो नोंदवतो. कोंबडीही बदलली. पाळीव कोंबडीच्या पिलांची कुत्र्या-मांजराची उपजत भीती गेली. पुढच्या आवृत्तीत त्यानं भारतातली एक माहिती घातली : रानकोंबडीची पिलं इथं पाळीव कोंबडीखाली वाढवली तरी सुरुवातीला फार बुजरी असतात.

नुसत्या निवडीनं मात्र भागत नाही. याच डार्विननं १८३३ साली दक्षिण अमेरिकेत, आजच्या उरुग्वे देशात, मेंढ्यांचा कळप एकट्यानं राखणारी कुत्री बघितली. तिथली रीत अशी : पिलू लहानपणीच आईपासून तोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीचं दूध पाजायचं, मेंढवाड्यात लोकरीचं अंथरूण करून द्यायचं. दुसऱ्या कुत्र्यांत आणि पोरांत मिसळू द्यायचं नाही. मोठा झाला की कळपच त्याचं घर.

यामागचं कारण शंभरावर वर्षांनी नीट कळलं. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ च्या पुस्तकात दाखवलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिलू ज्यांच्यात वाढतं त्यांना आपलं मानतं. पुढं रेमंड कॉपिंजर यांनी राखणीच्या कुत्र्यांवर काम केलं. त्यांनी शिकारीचे टप्पे मांडले : नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं, खाणं. प्रत्येक जातीत यातला वेगळा टप्पा जोरात असतो. म्हणून पोट भरलेला कुत्राही दहा कोंबड्या मारतो आणि एकही खात नाही. त्याला पाठलागाची ओढ असते, आणि फडफडत पळणारी कोंबडी ती चेतवते.

हाच कुत्रा राखणदार कसा होतो, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. वॉर्नांबूलजवळ स्वॅम्पी मार्श नावाचे शेतकरी मोकळ्या कोंबड्यांना कोल्ह्यांपासून वाचवायला मूळच्या इटलीतल्या मारेम्मा जातीची कुत्री ठेवायचे. जवळच्या मिडल बेटावरचे छोटे पेंग्विन कोल्ह्यांनी खाऊन २००५ साली दहाच्याही खाली आले. तेव्हा मार्श यांनी हाच उपाय सुचवला आणि २००६ साली त्यांची ऑडबॉल ही कुत्री बेटावर गेली. पेंग्विन पुन्हा वाढले.

आता आपल्याकडं बघा. गावठी कुत्रीची पिलं अंगणातच, कोंबड्यांच्या पायात वाढतात. पिलंवाली कोंबडी नाकावर टोचा मारून पहिला धडा देते. हल्ली शहरातून वर्ष-दीड वर्षाचा कुत्रा आणतात. त्याचं शिकायचं वय कोंबडीविना गेलेलं असतं. तो वाईट नाही, त्याला कोंबडी ‘घरची’ हे माहीतच नाही.

म्हणून एवढं करा :

१. पिलू दोन महिन्यांच्या आसपास आणा. कोंबड्यांना दाणे टाकताना त्याला दाव्याला बांधून जवळ बसवा. शांत बसलं की भाकरीचा तुकडा द्या.

२. पिलू कोंबडीमागं पळालं तर ‘खेळतंय’ म्हणून हसू नका, तिथंच थांबवा. पाठलागाची गोडी लागली की सोडवणं अवघड.

३. मोठा कुत्रा आणला असेल तर वेळ वाटून द्या. दिवसा कोंबड्या मोकळ्या, कुत्रा साखळीला नाहीतर जाळीपलीकडं, सावलीत आणि पाण्याजवळ. रात्री कोंबड्या खुराड्यात, कुत्रा मोकळा. त्याला फिरवून आणायचं कोंबड्या कोंडल्यावर.

४. मेलेली कोंबडी गळ्यात बांधणं किंवा तासाभरानं मारणं यानं काही होत नाही. शिक्षा कशाची हे त्याला उमगत नाही.

५. एकदा मारायला लागलेला कुत्रा मोकळ्या कोंबड्यांत एकटा सोडू नका, कितीही गरीब दिसला तरी. शेताच्या राखणीला तो उपयोगी पडतोच.