सोनेरी लागरची परीक्षा : फेसापासून तळापर्यंत

जर्मन पद्धतीची सोनेरी लागर दिसायला साधी, पण परीक्षेला सर्वांत अवघड बिअर मानली जाते. गडद बिअरमध्ये भाजलेल्या माल्टचा करपट सुगंध किरकोळ दोष झाकून टाकतो. सोनेरी लागरला असा आडोसा नसतो. त्यामुळे गोव्यातील बारमध्ये असो वा चोर्ला घाटापलीकडे बेळगावच्या खडेबाजारात, या बिअरचा पेला हातात घेणाऱ्याला निदान तिची मूळ चव कोणती आणि बिघाड कोणता, एवढे ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

या प्रकाराचा जन्मच एका नापसंतीतून झाला. बोहेमियातील पिल्सेन शहरात 1838 मध्ये बिघडलेल्या बिअरची 36 पिंपे भर चौकात ओतून देण्यात आली. त्यानंतर नागरिकांनी नवी भट्टी उभारली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल या कारागिराला बोलावले. 5 ऑक्टोबर 1842 रोजी त्याने फिकट माल्ट, स्थानिक हॉप्स आणि पिल्सेनचे मृदू पाणी यांतून पहिला घाणा लावला, तीच पिल्सनर. म्युनिकच्या गडद बिअरवाल्यांना हा सोनेरी रंग बराच काळ रुचला नाही. अखेर 1894 मध्ये श्पाटेन या भट्टीने 'हेलेस', म्हणजे उजळ, ही आपली सौम्य लागर बाजारात आणली. 'लागर' या शब्दाचा मूळ अर्थ साठवण असा आहे. सुमारे 8 ते 12 अंश सेल्सिअसला आंबवलेली ही बिअर पुढे शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवली जाते. लहान भट्ट्यांना हा काळ परवडत नाही, कारण तेवढे दिवस टाकी अडकून पडते.

परीक्षेची सुरुवात जिभेने नव्हे, नाकाने करावी. सुगंध क्षणभंगुर असतो. 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बिअर परीक्षक प्रमाणन कार्यक्रमाच्या गुणपत्रिकेत एकूण 50 गुणांपैकी सुगंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातील स्पर्शाला 5 आणि एकंदर ठशाला 10 गुण दिले जातात. रूपाला इतके कमी गुण पाहून सोनेरी रंगावर भाळणाऱ्याचा विरस होईल. परंतु ही वाटणी योग्यच आहे.

चांगल्या हेलेसमध्ये पोदेराच्या भट्टीतून नुकत्याच निघालेल्या उंड्यासारखा धान्याचा मंद, किंचित गोडसर वास येतो. कडवटपणा मागे राहून तोल सांभाळतो. मद्यांश 4.7 ते 5.4 टक्के आणि कडवटपणाचे माप 16 ते 22 असते. जर्मन पिल्सनरमध्ये हेच माप 22 ते 40 पर्यंत जाते. तिथे हॉप्सचा फुलांसारखा, गवताळ सुगंध पुढे येतो आणि शेवट कोरडा, खणखणीत होतो. 'पिल्सनर' हा शब्द गोव्याच्या परिचयाच्या किंग्ज बिअरच्या लेबलावरही वाचायला मिळतो. दोन्ही प्रकारांत बिअर पारदर्शक असावी आणि पांढरा फेस टिकून राहावा. पेल्याला तेलाचा ओशटपणा असला, किंवा तळलेला बांगडा खाल्लेल्या ओठांनी घोट घेतला, तर फेस लगेच बसतो. तो दोष बिअरचा नव्हे.

आपल्याकडील मोठी अडचण बर्फगार थंडीची आहे. दात शिवशिवावेत इतकी गार बिअर गुणही लपवते आणि अवगुणही. सात-आठ अंशांवर आलेला पेला खरे बोलतो.

दोष ओळखताना तो कुठे उपजला हे पाहणे महत्त्वाचे. लोण्यासारखा वास बहुधा यीस्टला काम पुरे करू न दिल्याची खूण असतो. नळाची बिअर असेल तर अस्वच्छ नळीतूनही तो येतो. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास उकळण्यातील उणीव दाखवतो, तर हिरव्या सफरचंदाचा वास अपुरे मुरणे. ही जबाबदारी भट्टीची. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र प्राणवायू, उष्णता आणि जुनेपणा यांचा परिणाम असतो. उन्हात किंवा दिव्याखाली ठेवलेल्या बाटलीत हॉप्सच्या कडू द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन उग्र, कुजकट वास सुटतो. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी थोडा आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. कडक उन्हात काही मिनिटांतही हा बिघाड होऊ शकतो.

खडेबाजारासारख्या गजबजलेल्या पेठेत असो वा म्हापशाच्या रस्त्यावर, दर्शनी काचेत मांडलेली हिरवी बाटली कितीही आकर्षक दिसली तरी घेऊ नये; आतल्या शीतकपाटातील मागावी. निपाणीच्या बाजारात तंबाखूचे पान हाताळून, हुंगून पारखणारी माणसे आहेत. बिअरच्या बाटलीला ती सोय नाही, झाकण उघडेपर्यंत वास कळत नाही. त्यामुळे लेबलावरील उत्पादनाची तारीख वाचावी आणि महिने मोजावेत. मुरवण्याचे काम भट्टीतच संपलेले असते. बाटलीत ही बिअर जुनी होते, परिपक्व होत नाही. तीन महिन्यांच्या आतली, सावलीत राहिलेली बाटली मिळाली तर ती आधी पेल्यात ओतावी आणि दोन मिनिटे थांबून मग हुंगावी.