माग, थांग, पत्ता : काही क्रियापदांचा पूर्वेतिहास

एखादी गोष्ट नेमकी कोठे आहे हे ठरवण्यासाठी ‘शोधणे’ हे एक क्रियापद पुरेसे वाटते. तरीही मराठीत माग काढणे, छडा लावणे, थांग लावणे, ठाव घेणे, पत्ता लावणे असा विस्तार आढळतो. मोल्सवर्थच्या कोशापासून (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) कोशकारांनी शब्दसंपत्ती नोंदवली खरी, परंतु पर्याय देण्याकडेच कोशांचा ओढा असतो, आणि पर्यायांच्या ओळीत शब्दामागचा व्यवहार पुसट होतो.

‘थांग’ आणि ‘ठाव’ यांचा संबंध पाण्याच्या खोलीशी आहे. ‘ठाव’ म्हणजे जागा, तसाच तळही. म्हणूनच चोराचा ठावठिकाणा लागतो, पण ठाव घेतला जातो तो मनाचा.

‘माग’ मात्र जमिनीवरचा, आणि त्याचा इतिहास अधिक कठोर आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात गावरक्षणाची पद्धत वर्णिली आहे. चोरी झाली की गावच्या रखवालदाराने पावलांच्या खुणांवरून माग काढायचा. तो शेजारच्या गावापर्यंत नेऊन तेथील रखवालदाराची खात्री पटवली, की पहिल्याची जबाबदारी संपे व पुढचा शोध दुसऱ्याकडे जाई. माग ज्या गावात थांबे, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई येई. प्रथम रखवालदाराच्या चीजवस्तूतून, उरलेली गावाकडून. ही भरपाई अन्याय्य असल्याचे एल्फिन्स्टन नमूद करतो आणि ती पूर्णपणे क्वचितच वसूल होई, असेही सांगतो.

तेव्हा ‘माग काढणे’ म्हणजे केवळ स्थान समजून घेणे नव्हे; त्यात दायित्वाचे हस्तांतर होते. सीमेवर पुसलेले एक पाऊलही कोणाला तरी महाग पडे. हा ‘कोणी’ बहुधा रामोशी, महार, मांग किंवा भिल्ल असे. आधुनिक इतिहासलेखनात या क्रियेसाठी सर्रास ‘तपास करणे’ योजले जाते, तेव्हा तपास करणाराच पहिला देणेकरी होता ही गोष्ट वाक्यातून निसटते. समीक्षेत तर ‘प्रेरणांचा माग’ घेणाऱ्याला कशाचीच भरपाई द्यावी लागत नाही!

‘पत्ता’ची वाटचाल वेगळी. पत्ता लावणे यात पत्ता हे शोधाचे फलित असते. टपालाने तो शोधाच्या आधीच पाकिटावर लिहायला लावला. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यात सहा अंकी पिनकोडाची भर पडली. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातील अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. तरीही एखादा माणूस बेपत्ता झाला, की मराठी भाषक त्याचा पत्ता ‘लावायला’च निघतो.