वायफाय कार्ड, लॅपटॉपमधील

लॅपटॉपच्या अंतर्भागात मदरबोर्डावरील एका आखूड खाचेत बसविलेला आणि घरातील राउटरशी रेडिओलहरींच्या द्वारे माहितीची देवघेव करणारा छोटा सुटा फलक म्हणजे वायफाय कार्ड होय. जुने कार्ड काढून त्या जागी अधिक वेगाचे बसविणे हे दुरुस्तीच्या दुकानात जुजबी काम समजले जाते; परंतु त्याचा लाभ होईल की नाही, हे कार्डाच्या किमतीवरून नव्हे, तर लॅपटॉपची घडण, घराची बांधणी आणि घरापर्यंत आलेली जोडणी या तिन्हींवरून ठरते. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांत महाविद्यालयीन वसतिगृहे, साखर कारखान्यांच्या वसाहती आणि उसाच्या फडांत विखुरलेल्या वस्त्या एकमेकींपासून फारशा दूर नसल्यामुळे, एका घरी उपयुक्त ठरलेला बदल शेजारच्या गावी निरर्थक ठरावा, असे सहज घडते.

बदलाची गरज मुख्यतः २०१४ ते २०१८ च्या सुमारास घेतलेल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपांना भासते. त्यांपैकी पुष्कळांत क्वालकॉम अॅथेरॉसचे क्यूसीए९५६५ किंवा रिअलटेकचे आरटीएल८७२३बीई यांसारखी, केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व एकाच प्रवाहाने, म्हणजे एका वेळी एकाच अँटेनेने, चालणारी कार्डे बसविलेली असत. असे कार्ड २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीवर फार तर सेकंदाला ७२ मेगाबिटचा दुवा जुळवते आणि प्रत्यक्ष हाती त्यातले चाळीस-पन्नासच येतात. त्यातही या पट्ट्यात १, ६ व ११ या तीनच वाहिन्या परस्परांत न मिसळता चालू शकतात. तेव्हा बारामतीतील विद्या प्रतिष्ठानच्या विद्यानगरीसारख्या, खोलीखोलीत विद्यार्थी व त्यांची उपकरणे दाटलेल्या भागात हे चाळीस-पन्नासही टिकणे कठीण असते. म्हणून नव्या कार्डाचे खरे दान वेगापेक्षाही त्या गर्दीतून ५ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात जाण्याची मुभा हे आहे. २०१३ च्या एसी प्रमाणाचे दोन प्रवाहांचे कार्ड ८० मेगाहर्ट्झच्या वाहिनीवर ८६७ मेगाबिटचा, तर २०२१ च्या एएक्स प्रमाणाचे, म्हणजे वायफाय ६ चे, कार्ड १,२०१ मेगाबिटचा दुवा जुळविते. १६० मेगाहर्ट्झची वाहिनी मिळाल्यास तोच आकडा २,४०२ वर जातो. हे सर्व दुव्याचे आकडे होत. नक्कल होणाऱ्या फायलीचा वेग त्यांच्या अर्ध्याहून थोडा अधिक धरावा.

खाचेचा नमुना जुळणे ही पहिली अट. जुन्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस ही खाच असे व तिच्यातील अर्धे कार्ड ३० गुणिले २६.८ मिलिमीटरचे असे. नंतरच्या यंत्रांत एम.२ ही खाच आली व २२ गुणिले ३० मिलिमीटरचे, २२३० या नावाचे कार्ड रूढ झाले. खरी फसगत मात्र आकार जुळूनही होते. इंटेलने २०१७ पासून काही प्रोसेसरांच्या पिढ्यांत वायफायच्या कामाचा मोठा भाग चिपसंचातच सामावून घेतला आणि कार्डावर केवळ रेडिओचा अंश ठेवला. अशी कार्डे, उदाहरणार्थ एएक्स२०१ व एएक्स२११, दिसावयास इतरांसारखीच, त्याच खाचेत बसणारी आणि किमतीस अनेकदा स्वस्त. परंतु एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या यंत्रात ती निर्जीव पडून राहतात. एएक्स२०० व एएक्स२१० ही मात्र स्वयंपूर्ण असून दोन्हीकडे चालतात. शेवटच्या एका अंकाकडे दुर्लक्ष झाल्याने ग्राहक व दुकानदार यांच्यात जी हुज्जत पडते, ती टाळण्यास खरेदीपूर्वी प्रोसेसरची खातरजमा करणे पुरेसे असते.

दुसरा अडथळा बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ प्रणालीचा. लेनोवो व एचपी यांच्या कित्येक जुन्या यंत्रांत मंजूर कार्डांची यादीच बायॉसमध्ये कोरलेली असे आणि यादीबाहेरचे कार्ड दिसताच लेनोवोचा थिंकपॅड हा लॅपटॉप १८०२ क्रमांकाची तक्रार पडद्यावर मांडून पुढे चालावयास नकार देई. कार्ड व अँटेना यांच्या जोडीस मिळून शासकीय मान्यता घेतलेली असते, असे कारण यासाठी पुढे केले जाई. ते सर्वस्वी खोटे नसले, तरी आपलेच सुटे भाग खपविण्याची सोय त्यात होतीच.

तिसरी बाब अँटेनांची. बारीक अशा दोन तारा, बहुधा एक काळी व एक पांढरी, कार्डापासून निघून बिजागरीतून पडद्याच्या कडेपर्यंत जातात. एकाच प्रवाहाच्या स्वस्त लॅपटॉपात दुसरी तार मुळातच घातलेली नसण्याचा संभव असतो. तेव्हा दोन प्रवाहांचे कार्ड अर्ध्या बळावर चालते किंवा नवी अँटेना ओवण्यासाठी पडदा खोलावा लागतो. मिनी पीसीआय एक्स्प्रेसच्या तारांची टोके एम.२ च्या टोकांहून मोठी असल्याने ती एकमेकांस बसत नाहीत, आणि ही टोके थोड्याच वेळा काढघाल सोसतात.

बिनतारी उपकरणांविषयीच्या कायद्याची पार्श्वभूमीही येथे नमूद करणे इष्ट होय. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये परवान्यावाचून असे उपकरण नुसते बाळगणेही गुन्हा होता, आणि घरातल्या रेडिओसाठी टपालकचेरीत शुल्क भरून परवाना ताजा करून घेणारी पिढी अजून हयात आहे. जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झमधील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरच्या वापरासही खुले झाले. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठी मसुदा-नियम मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. एएक्स२१० हे कार्ड या तिसऱ्या पट्ट्यातही बोलू शकते; राउटरही तसाच असल्याखेरीज मात्र त्या गुणाचा काही उपयोग नाही.

आता जोडणीचा विचार. वीर धरणापासून निघणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या टेलला जमीन असलेल्या इंदापूरच्या बागायतदारास हे समजावून सांगावे लागत नाही, की दारातून जेवढे पाणी सुटेल त्याहून अधिक पाणी शेतचारी रुंद केल्याने मिळत नाही. घरी ४० मेगाबिटची योजना असेल, किंवा राउटरचे बाहेरील द्वार १०० मेगाबिटचेच असेल, तर २,४०२ चे कार्ड बसवूनही आंतरजालाचा वेग तेवढाच राहतो. घरातल्या घरात, एका संगणकावरून दुसऱ्यावर छायाचित्रे वा चित्रफिती नेणाऱ्यास मात्र नव्या कार्डाचा पुरेपूर लाभ होतो, मग बाहेरची जोडणी कितीही मंद असो. तसेच फायबरच्या जोडणीबरोबर मिळालेले यंत्र केवळ २.४ गिगाहर्ट्झचे असेल, तर आधी राउटर बदलावा, कार्ड नंतर. हा क्रम उलटा करणारेच अधिक भेटतात.

घराची बांधणी हा याहून अवघड प्रश्न. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती भेदण्यात २.४ च्या मानाने दुबळ्या असतात. बारामतीत कऱ्हाकाठी बाबूजी नाईकांच्या वाड्याच्या आसपास दगडमातीच्या रुंद भिंती उरलेल्या जुन्या घरांत राउटर ओसरीवर आणि लॅपटॉप माजघरात असला, की उत्तम कार्डही निरुपायाने २.४ वर परतते. वालचंदनगरसारख्या कारखान्याच्या वसाहतीतील विटांच्या, आटोपशीर खोल्यांत हा प्रश्न बेताचाच असतो. इंदापूर तालुक्यात सणसर-लासुर्णेकडील वस्त्यांवर वेगळाच प्रकार संभवतो: घरातील राउटरच्या लहरी उसाची तोड झाल्यावर समोरच्या गोठ्यापर्यंत पोहोचतात आणि आडसालीचा फड पुरुषभर उंच झाला की ओल्या पानांत जिरून जातात. तिथे लॅपटॉपातील कार्ड बदलण्याऐवजी छपरावर एका दिशेने रोखलेली बाह्य उपकरणांची जोडी उभारण्याची तजवीज करावी.

प्रत्यक्ष बदलाची कृती थोडक्यात अशी. नव्या कार्डाचे ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावे, कारण ते बसेपर्यंत यंत्रास आंतरजाल नसते. लिनक्सवर एएक्स२०० साठी कर्नल ५.१ व एएक्स२१० साठी ५.१० किंवा पुढील आवृत्ती लागते. चार्जर काढावा, तळ उघडून बॅटरीची जोडणी सोडवावी, तारांची टोके न ओढता सरळ वर उचलावीत. स्क्रू काढताच कार्ड तिरपे वर येते. त्याच कार्डावर ब्लूटूथही असल्याने बदलानंतर माउस व हेडफोन पुन्हा जोडावे लागतात.

कित्येक पातळ लॅपटॉपांत, आणि अॅपलच्या सर्व नव्या यंत्रांत, वायफायची चिप मदरबोर्डावरच डाखलेली असल्याने हा मार्गच खुंटतो. अशा वेळी यूएसबी ३ चा बाह्य वायफाय अॅडॉप्टर उपयोगी पडतो. आणि लॅपटॉप नेहमी एकाच मेजावर राहात असेल, तर शंभर मीटरपर्यंत १,००० मेगाबिट निर्धोक वाहून नेणारी कॅट-५ई ची केबल कोणत्याही कार्डापेक्षा स्वस्त व स्थिर पडते.