तुम्ही कोण? दोन पानांत लिहा

अमेरिकेतल्या हार्वर्ड लॉ स्कूलला अर्ज करायचा तर हल्ली दोन निबंध लागतात. पहिल्यात कायदा का शिकायचाय ते सांगायचं. दुसऱ्याचं नाव 'स्टेटमेंट ऑफ पर्स्पेक्टिव्ह', म्हणजे तुमच्या अनुभवांनी तुम्हाला कसं घडवलं ते. प्रत्येकी एक ते दोन पानं. हा दुसरा निबंध आला जून २०२३ नंतर. प्रवेश देताना अर्जदाराचा वंश बघायचा नाही, असा निकाल तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. पण वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं स्वतः लिहिलं, तर ते वाचायला हरकत नाही, असंही त्याच निकालात आहे. आधी जे एका चौकोनात टिक करून भागत होतं, त्याची आता गोष्ट करून सांगायची.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. नोकरी पुण्यात, गाव श्रीरामपूर. (रेल्वेनं येणार असाल तर स्टेशनचं नाव बेलापूर आहे, नवी मुंबईत उतरू नका.) मला कायद्याकडे वळावंसं वाटतं, त्याचं कारण गावातच आहे. ब्रिटिश काळात आमच्या भागात साखर कंपन्या आल्या, हरेगावची बेलापूर कंपनी त्यातलीच. शेतकऱ्यांनी त्यांना उसासाठी जमिनी खंडानं दिल्या. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, कंपन्यांकडच्या जमिनी सरकारनं घेतल्या आणि १९६३ मध्ये निघालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक हात चोळत राहिले. जमीनदारांना लगाम घालायला केलेला कायदा लागला तो दहा-वीस एकरवाल्यालाही, कारण त्याची जमीन कागदोपत्री कंपनीच्या ताब्यात होती. खंडकऱ्यांचा लढा पुढे अनेक दशकं चालला. आमच्याकडे 'खंडकरी' हा शब्द पोरांना शाळेच्या आधी कळतो.

अर्ज करणाऱ्यांना सल्ला देणारे पुष्कळ असतात. सगळ्यांचा सूर एकच: "तुझी स्टोरी काय? ऊस, दुष्काळ, कोर्टकचेरी? भारीच की! टाक." अडचण अशी की आमच्या घराची जमीन त्यात कधीच नव्हती. ती शेजारच्या घराची होती. या अडचणीतूनच मी असल्या निबंधांचा इतिहास शोधायला लागलो आणि १९२२ सालापाशी येऊन थांबलो.

त्या वर्षी हार्वर्डचे अध्यक्ष होते लॉवेल. कॉलेजात ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्यावर गेलं होतं, आणि ते लॉवेलसाहेबांना खुपत होतं. मार्कांवर प्रवेश दिला तर ही मुलं येणारच. उघड कोटा ठेवायला प्राध्यापक तयार होईनात. पण १९२२ च्या प्रवेश अर्जात नवे प्रश्न आले: वंश कोणता, धर्म कोणता, वडिलांचा जन्म कुठला, आणि जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव बदललंय का? हा शेवटचा प्रश्न कुणासाठी आहे हे सांगायला नको. पुढच्या काही वर्षांत 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन आलं, फोटोही मागू लागले. हे लॉ स्कूलचं नव्हे, पदवी कॉलेजचं. पण मार्कांपलीकडचा 'माणूस' बघण्याची जी पद्धत आज आपल्याला उदार वाटते, तिचं एक मूळ नको असलेली माणसं ओळखण्यात आहे. फॉर्म बनवणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. एक फील्ड वाढवलं की कोण गळणार, हे ते वाढवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

त्याच १९२२ मध्ये ऑक्सफर्डनं नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना कायद्याची पदवी दिली. परीक्षा त्यांनी १८९२ मध्येच दिली होती. तीस वर्षं निकाल होता, पदवी नव्हती, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत बायकांना पदवीच देत नसे.

त्यांचं प्रवेशाचं प्रकरण मुळातून वाचण्यासारखं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८८८ मध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण. अशा निकालावर इंग्लंडला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण बाई म्हणून ती नाकारली गेली. त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांना इंग्रजी शिकवायला लागल्या. तिकडे लंडनमध्ये लेडी हॉबहाउस यांनी 'द टाइम्स'मध्ये पत्र छापून त्यांच्यासाठी मदत मागितली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्यांनी हातभार लावला आणि १८८९ मध्ये त्या सॉमरव्हिलला पोचल्या. म्हणजे त्यांचं 'स्टेटमेंट' लिहिलं दुसऱ्याच बाईनं, छापलं वर्तमानपत्रात, आणि वाचून पसंत करायचं होतं वर्गणी देणाऱ्यांनी. परीक्षेच्या वेळी पुन्हा तेच. मुलांच्या बरोबरीनं बसायला मनाई होती. त्या अडून बसल्या, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठानं खास ठराव केला.

पुढे त्यांनी बंगालमध्ये पडदानशीन बायकांच्या इस्टेटींचं काम वर्षानुवर्षं केलं. राजकारणात मात्र त्या इंग्रजी राज्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या. मला ते पटत नाही. पण ज्यांच्या वर्गणीवर दार उघडलं त्यांच्याविषयीची कृतज्ञता आयुष्यभर पुरते, हे समजू शकतं. दुसऱ्यानं सांगितलेल्या आपल्या गोष्टीचं हे भाडं असावं.

तिसरी नोंद २८ जून १९२२ ची. ग्रेज इनमधून डॉ. आंबेडकर बॅरिस्टर झाले. प्रवेश घेतला होता ११ नोव्हेंबर १९१६ ला. तिथे तेव्हा बॅरिस्टर होण्याची रीत आजच्या मानानं विचित्र होती. फी भरायची, परीक्षा द्यायच्या आणि ठरावीक सत्रांत इनच्या हॉलमध्ये जेवणं 'भरायची'. तुम्हाला कशानं घडवलं, हा निबंधाचा विषय नव्हता. आडवा आला तो पैसा. बडोद्याची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजातली नोकरी, त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांची उसनवारी, एवढं जमवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीनं. 'पर्स्पेक्टिव्ह' म्हणून आज हार्वर्ड जे मागतं, ते आंबेडकरांनी लिहिलंय, पण बॅरिस्टर झाल्यावर कित्येक वर्षांनी आणि कुठल्याच प्रवेशासाठी नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे ते छोटं लिखाण. मसूर स्टेशनावर अडकलेली लहान मुलं, १९१७ मध्ये बडोद्यात राहायला न मिळालेली जागा, १९२९ चा चाळीसगावचा टांगा, १९३४ ची दौलताबाद किल्ल्यावरची पाण्याची टाकी. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कळावं म्हणून लिहिलेलं. ते पुस्तिका म्हणून छापलं गेलं १९९० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी.

त्यातले सगळे प्रसंग त्यांचे स्वतःचे नाहीत. काठियावाडातल्या एका शिक्षकाच्या आजारी बायकोला डॉक्टरनं हात लावायला नकार दिला, ती हकीगत त्यात आहे. ती ज्याची त्याच्याच नावावर आहे. कुठलं गाव, कधी, कोण काय म्हणालं, हे साक्षीदारानं सांगावं तसं सांगितलंय. डोळे ओले करण्याचा प्रयत्न कुठेच नाही.

माझ्या पहिल्या निबंधात आता खंडकरी आहेत. १९६१ चा कायदा, महामंडळ, आणि अमुक कलमानं तमुक माणूस जमिनीबाहेर कसा गेला, एवढंच. शेजारच्या आजोबांना विचारून त्यांचा सातबारा पाहिला. "लिही, पण आमचं नाव नको," म्हणाले. नाव घातलेलं नाही. दुसऱ्या निबंधाचं पहिलं वाक्य, आमची जमीन त्यात नव्हती, हे आहे. त्यापुढची दीड पानं अजून लिहायची आहेत.