कुत्र्याला फ्रेंच नाव ठेवायचंय? आधी ते मोठ्याने हाक मारून बघा

घरात पिल्लू आलंय. पांढरं, इवलंसं, कापसाच्या बोळ्यासारखं. मोती, टायगर, ब्रूनो ही नावं सगळ्यांनी आधीच ठेवलेली. मग फोनवर शोधाशोध सुरू होते आणि एक गोड फ्रेंच शब्द सापडतो, पेटिट. अर्थ, छोटा. पिल्लाला अगदी शोभणारा. इन्स्टाग्रामवर पेज तयार होतं आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर नावही कोरलं जातं.

अडचण इतकीच, की फ्रेंच माणूस हा शब्द 'पेटिट' असा वाचत नाही. शेवटचा 'टी' मूक असतो आणि उच्चार जवळपास 'पती' होतो. पिल्लू मादी असेल तर शब्दाला एक 'ई' जोडला जातो, 'टी' ऐकू यायला लागतो आणि नाव होतं 'पतीत'. आता सोसायटीच्या बागेत उभं राहून "पती, इकडे ये!" असं ओरडून बघा.

छोट्या कुत्र्यांसाठी फ्रेंच नावांची क्रेझ आहे. ऐकायला ती मऊ वाटतात, बरीचशी दोन अक्षरी असतात आणि पूडल, बिशों फ्रिझे, फ्रेंच बुलडॉग, पॅपिलॉन अशा छोट्या जातींचं फ्रान्सशी नातंही आहे. पण इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये फक्त अर्थ दिलेला असतो. नाव निवडताना अर्थापेक्षा उच्चार जास्त महत्त्वाचा का, आणि खुद्द फ्रान्समध्ये कुत्र्यांची नावं कशी ठरतात, ते समजून घेऊ.

फ्रान्समध्ये पहिलं अक्षर वर्ष ठरवतं

आपल्याकडे बाळाच्या नावाचं अक्षर नक्षत्रावरून काढतात. फ्रान्समध्ये कुत्र्याच्या नावाचं अक्षर जन्मवर्षावरून ठरतं. २०२४ साली 'व्ही', २०२५ साली 'ए', तर २०२६ साली 'बी'. म्हणजे २०२६ मध्ये जन्मलेल्या पिल्लाचं नाव 'बी'पासून सुरू होणार.

तिथे शुद्ध जातीच्या कुत्र्यांची वंशावळ नोंदवणारं एक रजिस्टर आहे. १८८५ पासून चालत आलेल्या या नोंदवहीला 'लॉफ' म्हणतात. तिच्यात नोंदणी करायची असेल तर अक्षराचा नियम पाळावा लागतो. ही पद्धत १९२६ मध्ये 'ए' अक्षराने सुरू झाली. पुढे के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड ही सहा अक्षरं वगळली, कारण त्यांच्यापासून सुरू होणारी नावं फ्रेंचमध्ये फारच कमी आहेत. उरली २० अक्षरं. म्हणून हे चक्र दर २० वर्षांनी फिरून येतं.

यात एक सोय आहे. कुत्र्यांचं आयुष्य साधारण १० ते १५ वर्षांचं. चक्र त्याहून मोठं असल्याने नावाच्या पहिल्या अक्षरावरून कुत्र्याचं वय कळतं. 'आर' हे २०२० चं अक्षर होतं. नियम पाळून नाव ठेवलेला 'रोमिओ' बागेत भेटला, तर त्याचा जन्म २०२० चा हे मालकाला न विचारताच समजतं.

वंशावळ नसलेल्या कुत्र्यांना हा नियम लागू नाही. तरीही बरेच फ्रेंच लोक हौसेने तो पाळतात. भारतातल्या पालकांना अर्थातच कसलं बंधन नाही. पण हजार नावांतून एक निवडताना डोकं चालेनासं झालं, तर वर्षाचं अक्षर धरून यादी छोटी करण्याची युक्ती वाईट नाही.

फ्रेंच लोक कोणती नावं ठेवतात?

आपल्याकडे 'मोत्या' म्हटलं की कुत्राच डोळ्यांसमोर येतो. फ्रेंचमध्ये तो मान 'मेदोर' या नावाचा. आरिओस्तो या इटालियन कवीच्या सोळाव्या शतकातल्या महाकाव्यात मेदोरो नावाचा सैनिक आहे. धनी मारला गेल्यावरही तो त्याची साथ सोडत नाही. इमानी प्राण्याला हे नाव चिकटलं ते तिथूनच. आज मात्र ते जुन्या वळणाचं वाटतं.

दोन छोटे कुत्रे कॉमिक्समुळे जगभर पोहोचले. टिनटिनचा पांढरा फॉक्स टेरियर इंग्रजीत 'स्नोई' आहे, पण मूळ फ्रेंचमध्ये तो 'मिलू'. बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी १९२९ मध्ये त्याला जन्म दिला आणि नाव ठेवलं ते स्वतःच्या एका जुन्या मैत्रिणीच्या लाडक्या नावावरून. ॲस्टेरिक्समधला चिमुकला कुत्रा म्हणजे 'इदेफिक्स'. 'डोक्यात पक्की बसलेली कल्पना' या अर्थाच्या फ्रेंच शब्दप्रयोगावरून हे नाव आलं. एकदा मागे लागला की पाठ न सोडणाऱ्या छोट्या कुत्र्यासाठी याहून चांगलं नाव सापडणं कठीण.

राष्ट्राध्यक्षांच्या घरातली दोन नावंही बघण्यासारखी आहेत. जाक शिराक यांच्याकडे इवलासा पांढरा माल्टीज होता. शिराक जपानी सुमो कुस्तीचे चाहते, म्हणून या मूठभर कुत्र्याचं नाव 'सुमो'. छोट्या कुत्र्याला भारदस्त नाव देण्याची गंमत तिकडेही चालते. इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी २०१७ मध्ये निवारा केंद्रातून दत्तक घेतलेल्या काळ्या कुत्र्याचं नाव 'नेमो'. ते ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोवरून घेतलेलं. २०१७ हे वर्षही 'एन' अक्षराचंच होतं. याच नेमोची खरी ओळख व्हर्नच्या पुढच्या एका कादंबरीत उलगडते. तो असतो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार. म्हणजे हे 'फ्रेंच' नाव फिरून आपल्याच दारात येतं.

लिहायचं एक, वाचायचं एक

फ्रेंच नाव निवडताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिलं म्हणजे मूक अक्षरं. शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा उच्चारलं जात नाही. आपण 'बिस्किट' म्हणतो, फ्रेंच लोक 'बिस्क्वी' म्हणतात. जर्दाळूला ते 'आब्रिको' म्हणतात, शेवटचा 'टी' खाऊन. पूडलच्या पिवळसर केशरी रंगालाही हाच शब्द आहे. 'पॅपिलॉन' म्हणजे फुलपाखरू. या जातीचे कान फुलपाखराच्या पंखांसारखे दिसतात म्हणून हे नाव पडलं. पण फ्रेंच उच्चार 'पापियों'च्या जवळ जाणारा.

दुसरं म्हणजे लिंग. फ्रेंच विशेषणं नर-मादीप्रमाणे बदलतात. पांढरा कुत्रा 'ब्लां', पांढरी कुत्री 'ब्लांश'. देखणा तो 'बो', देखणी ती 'बेल'. मराठीत 'काळू' आणि 'काळी' यांत जो फरक, तोच इथे. नराला 'बेल' म्हटलं म्हणून कुत्र्याला काही वाटणार नाही, पण फ्रेंच येणारा पाहुणा मात्र गोंधळेल.

काही शब्दांचा अर्थही फसवा असतो. 'तूतू' हे लाडिक नाव वाटतं, पण तो लहान मुलांचा कुत्र्यासाठीचा शब्द आहे, म्हणजे आपलं 'भूभू'. 'मिनू' म्हणजे मनीमाऊ. 'लूलू' ठेवायचं असेल तर पॉमेरेनियनला ठेवावं, कारण फ्रेंचमध्ये या जातीला 'पॉमेरेनियाचा लूलू'च म्हणतात. आणि 'प्यूस' म्हणजे चक्क पिसू! फ्रेंच आईबाप मुलांना प्रेमाने 'माझी पिसू' म्हणतात, त्यामुळे तिकडे हे नाव गोड वाटतं. कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपलाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे.

आता मराठी कान लावून ऐका

फ्रान्समध्ये गोड वाटणारं नाव मराठी घरात तसंच राहील याची खात्री नाही. 'शूशू' म्हणजे फ्रेंचमध्ये लाडोबा. मराठीत त्याचा अर्थ सांगायला नको, आणि पिल्लाला जागेवर शू करायला शिकवताना तर पंचाईतच. 'बोंबों' म्हणजे गोळी-चॉकलेट, पण सतत भुंकणाऱ्या कुत्र्याला हे नाव ठेवलं की शेजारी टोमणा समजून हसतील. 'दूदू' म्हणजे लहान मूल झोपताना जवळ घेतं ते मऊ खेळणं. घरात तान्हं बाळ असेल तर 'दुदू' म्हटल्यावर नेमकं कोणाला बोलावलं हे कळणार नाही.

मग मूळ उच्चारच पाळायला हवा का? तसं काही नाही. 'पेटिट' या शब्दाचंच उदाहरण घ्या. मुंबईतल्या पेटिट या पारशी घराण्याच्या आडनावाची गोष्ट अशी सांगतात, की त्यांचे एक पूर्वज अंगाने लहान होते आणि त्यांच्याशी व्यवहार करणारे फ्रेंच व्यापारी त्यांना 'छोटा' म्हणायचे. तेच पुढे आडनाव झालं आणि मुंबईने ते आपल्या पद्धतीने उच्चारलं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, जिथे मुंबईकर वर्षानुवर्षं कुत्री-मांजरं घेऊन जातात, त्याचं अधिकृत नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्यावरूनच आहे. त्याला कोणी 'पती हॉस्पिटल' म्हणत नाही. नाव ज्या गावात राहतं, त्या गावाचं होतं. फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच उच्चार ठरवायला हवा.

कुत्र्याला काय ऐकू येतं?

हंगेरीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद मोजला. त्यांना ओळखीचे शब्द ऐकवले, मग अगदी वेगळे निरर्थक शब्द, आणि मग ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलून केलेले निरर्थक शब्द. अगदी वेगळा शब्द मेंदूला वेगळा जाणवला. पण एकाच ध्वनीचा फरक असलेला शब्द आणि ओळखीचा शब्द यांत तसा फरक दिसला नाही.

यातून दोन गोष्टी घेता येतात. आजीने 'न्वाझेत'चं 'नोजेट' केलं तर फार बिघडत नाही. पण नाव रोजच्या आज्ञेशी किंवा घरातल्या दुसऱ्या नावाशी जुळत असेल तर गोंधळ होऊ शकतो. 'कोको' आणि 'नको', 'बो' आणि 'नो', 'बेल' आणि 'बॉल' या जोड्या म्हणूनच टाळलेल्या बऱ्या.

मराठी घरात चालतील अशी काही नावं

• फिलू: लबाड, खट्याळ.
• मिलू: टिनटिनचा सोबती. शेजारी कोणी मिलिंद राहत नाही ना, हे मात्र बघा.
• बिझू: दागिना. 'बिजू' म्हटलं तरी चालतं.
• आब्रिको: जर्दाळू. केशरी छटेच्या पूडलसाठी.
• न्वाझेत: हेझलनट. तपकिरी पिल्लासाठी.
• फ्लोकों: बर्फाचा कण. पांढऱ्या पिल्लासाठी.
• एत्वाल: तारा. कपाळावर ठिपका असेल तर खासच.
• इदेफिक्स: हट्टी कुत्र्यासाठी. हाक मारायला 'फिक्स' पुरतं.

आधीच नाव असलेला कुत्रा दत्तक घेतला तर?

नाव बदलता येतं. जुनं आणि नवं नाव काही दिवस जोडीने घ्यायचं, नव्या नावाला प्रतिसाद दिला की लगेच खाऊ द्यायचा आणि हळूहळू जुनं नाव सोडायचं. जुन्या नावाने त्याला फक्त ओरडा मिळाला असेल, तर नवं नाव म्हणजे त्याच्यासाठी नवी सुरुवात. पण जुनं नाव ऐकून तो शेपटी हलवत येत असेल, तर केवळ फॅशनसाठी ते काढून घेऊ नये.

शेवटची परीक्षा सोपी आहे. दरवर्षी दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून कितीतरी पाळीव कुत्री पट्टा सोडवून पळतात. अशा वेळी मालकाच्या हातात उरते ती फक्त हाक. भर रस्त्यात, अनोळखी लोकांसमोर, पूर्ण आवाजात जे नाव घ्यायला लाज वाटते, ते आपोआप हळू आवाजात घेतलं जातं. आणि हळू मारलेली हाक घाबरून पळणाऱ्या कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून बिल्ल्यावर नाव कोरण्याआधी घरातल्या प्रत्येकाने, आजीपासून धाकट्यापर्यंत, गच्चीवर जाऊन ते एकदा जोरात ओरडून बघावं. सगळ्यांना जमलं आणि कोणी संकोचलं नाही, तर नाव ठरलं.