देवटेकची शिळा आणि पडद्यावरचा इतिहास

प्राचीन इतिहास घरी शिकवू पाहणाऱ्या पालकाला आज दृश्य सामग्रीची वाण नाही. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा मार्ग महाराष्ट्रात मोजक्याच कुटुंबांनी पत्करला होता. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तो प्रश्न घराघरांत शिरला. त्याच वर्षी जुलैपासून सह्याद्री वाहिनीने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली. शाळा पुन्हा भरू लागल्या, तरी पाठ्यपुस्तकाला चित्रफितींची जोड देण्याची निकड संपलेली नाही. सामग्री विपुल असताना अडचण असते ती निवडीची. या निवडीची कसोटी कोणती असावी, याचा विचार आम्ही येथे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात करणार आहोत. प्राचीन इतिहासाच्या बहुतेक कथनांत अरण्य म्हणजे दोन राज्यांमधली रिकामी जागा असते. या जिल्ह्यांतल्या मुलाचे तर तेच घर आहे.

प्रथम उपलब्ध पर्याय पाहू. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात लिहिलेला ग्रंथ हा तिचा आधार. ‘शाकुंतल’ आणि ‘शिलप्पदिकारम’ यांनाही तीत स्थान असल्याने साहित्याच्या विद्यार्थ्याला ती विशेष जवळची वाटते. १९९१ मध्ये आलेली ‘चाणक्य’ ही चंद्रप्रकाश द्विवेदी यांची मालिका नाट्य म्हणून प्रभावी आहे. पण नाट्य आणि पुरावा यांतली सीमारेषा शिक्षकालाच आखून द्यावी लागते. मायकेल वुड यांची ‘द स्टोरी ऑफ इंडिया’ (२००७) प्रवासवर्णनाच्या वळणाने जाते. डोनाल्ड केगन यांची ग्रीक इतिहासावरील २४ व्याख्याने येल विद्यापीठाने सर्वांसाठी खुली केली आहेत. तेथे देखावा जवळजवळ नाही, केवळ युक्तिवाद आहे. थोड्या मोठ्या मुलांना तो पेलतो.

यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे? आमच्या मते याचे उत्तर पडद्यावर शोधण्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातच शोधावे. नागभीड तालुक्यातील देवटेक येथे मिळालेली एक शिळा आज नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. तिच्यावर दोन लेख आहेत. पहिला अशोककालीन ब्राह्मी लिपीत आहे. प्राणी पकडण्यास व मारण्यास त्यात मनाई केली असून आज्ञा मोडणाऱ्यास दंड सांगितला आहे. दुसरा त्यानंतर सुमारे सहा शतकांनी कोरलेला, वाकाटक राजा रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांचा अभ्यास करून त्यांतील स्थलनाम देवटेकजवळच्या चिकमारा या गावाशी जुळवले. मौर्य आणि वाकाटक या पाठ्यपुस्तकातल्या दोन स्वतंत्र प्रकरणांची गाठ अशी एका दगडावर पडते.

या शिळेतून आमची पहिली कसोटी मिळते: मालिका पुरावा दाखवते काय? राजाच्या तोंडी भाषण घालणे सोपे असते. ते शब्द कोणत्या लिपीत, कशावर कोरले होते आणि ते कोणी वाचले, हे दाखवणारा एक भाग दहा युद्धदृश्यांहून मोलाचा.

दुसरी कसोटी मतभेदांची. भद्रावतीजवळची विजासनची बौद्ध लेणी मुलांना सहज पाहता येतात. ह्युएनत्संगाने वर्णिलेली कोसलाची राजधानी ती हीच भांदकची भूमी, असे कनिंगहॅम यांचे मत होते. इतर अभ्यासकांनी इतर स्थळे सुचवली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपटही भांदकचाच. जी मालिका असे वाद झाकून एकच निष्कर्ष सांगते, ती मुलाला श्रोता करते, अभ्यासक करत नाही.

तिसरी कसोटी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. कलिंगयुद्धानंतरचा अशोकाचा पश्चात्ताप सर्वांना ठाऊक असतो. पण ज्या तेराव्या शिलालेखात तो पश्चात्ताप आहे, त्याच लेखात राज्यातल्या अटवीवासीयांना उद्देशून ताकीदही आहे: राजाला खेद झाला असला, तरी त्याचे दंडसामर्थ्य कायम आहे. पुढे समुद्रगुप्ताची प्रयागप्रशस्ती सर्व आटविक राजांना त्याने सेवक केल्याचे अभिमानाने नोंदवते. म्हणजे अरण्यवासी या लेखांत आहेत. मात्र ते बोलत नाहीत, त्यांच्याविषयी बोलले जाते. आजच्या माडिया वा गोंड समाजाशी त्या आटविकांचे नाते थेट जोडणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तरीही देवटेकच्या मनाईचा अर्थ शिकारीवर जगणाऱ्या माणसाला काय लागला असेल, हा प्रश्न येथील मुलाला विचारता आला पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारे मेंढा-लेखा हे गाव याच गडचिरोली जिल्ह्यातले आहे. जंगल कोणाचे, हा वाद येथे अद्याप जिवंत आहे.

आता उपयोगाच्या रीतीविषयी. यांतील बहुतेक मालिका हिंदी वा इंग्रजीत आहेत आणि गडचिरोलीतल्या कितीतरी मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया आहे. म्हणून सलग मालिका दाखवण्यापेक्षा दहा मिनिटांचा तुकडा दाखवावा, थांबवावा, मुलांच्या भाषेत पुन्हा सांगावा आणि त्यांच्याकडूनही सांगवून घ्यावा. जेथे जाळे पोहोचत नाही, तेथे उतरवून ठेवलेले मोजके भाग पुरतात. त्यानंतर नकाशा उघडून आपल्या गावापासून देवटेक, भांदक किती दूर, हे मोजावे. शक्य असेल तर तेथे जावे. कोणतीही एक मालिका या तिन्ही कसोट्यांना उतरेल, असे आम्हांला वाटत नाही. जेथे ती उणी पडते, तेथे शिक्षकाचे काम सुरू होते. आणि ते उणेपण मुलाने स्वतः ओळखले, तर इतिहासाचा पहिला धडा त्याला मिळालाच म्हणायचा.